मोहोर स्वच्छ, झाड रिकामं

"काकी, ही घाण आधी काढा," मी म्हणालो. वेळणेश्वरच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सुनंदाकाकींची चाळीस हापूसची बाग. मोहोर ऐन भरात, आणि त्यांनी झाडाझाडाला गोणपाटात मासळीची डोकी-आतडी बांधलेली. वासाने माझं डोकं उठलं. दोन दिवसांनी आमच्या ऑफिसचे साहेब ट्रायलची सुरुवात बघायला येणार होते.

मी वनस्पतिरोगतज्ज्ञ, म्हणजे झाडांचा डॉक्टर. त्या वर्षी माझ्याकडे भुरीवर लसणाचा अर्क होता. भुरी ही मोहोरावर पिठासारखी पसरणारी बुरशी. ती आली की मोहोर गळतो. ऑफिसच्या नर्सरीत कलमांच्या कोवळ्या पानांवर अर्क उत्तम चालला होता. आता बागेत सिद्ध करायचं होतं. काकींनी विश्वासाने सगळी बाग दिली. त्यांचं वर्ष त्या आंब्यावरच निघायचं.

गोणपाट सोडताना त्या एवढंच म्हणाल्या, "माशी यायची नाय हो मग. माशी नाय तर आंबा धरनार कसा?"

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. माशा परागकण नेतात, हे मीच ट्रेनिंगमध्ये शिकवतो. रासायनिक औषध असतं, तर उमललेल्या मोहोरावर फवारूच दिलं नसतं. पण हा लसूण, रोज फोडणीत पडणारा. मी निर्धास्त होतो. आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारला.

तिसऱ्या फवारणीनंतर साहेब पुन्हा आले आणि खूश झाले. पांढरा ठिपका शोधून सापडेना. रिपोर्ट लगेच पाठवा म्हणाले.

पुढच्या पंधरवड्यात मोहोराच्या नुसत्या काड्या राहिल्या. शेजारच्या बागेत वाटाण्याएवढ्या कैऱ्या, काकींकडे मात्र शोधाव्या लागत होत्या. मासळी काढलेली, त्यात लसणाच्या वासाने माशी फिरकलीच नव्हती. नर्सरीतल्या कलमांना मोहोरच नसतो, त्यामुळे तिथे हे कळायची सोय नव्हती.

रिपोर्टमध्ये फळधारणाही लिहू का, मी साहेबांना विचारलं.

"ट्रायल भुरीची आहे ना? मग भुरीचं लिहा."

मी सही केली. त्याची अजून लाज वाटते.

माफी मागायला गेलो, तर काकींनी आधी चहा ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचा दोष नाय. दुसऱ्या फवारनीलाच मला दिसलं, माश्या नायत. पन तुमी शिकलेले, म्हनून मी गप ऱ्हायले."



आता मी प्रत्येक बागायतदाराला सांगतो, अर्क झाडपाल्याचा असला तरी फवारा तो फवाराच, उमललेल्या मोहोरावर मारू नका. तो रिपोर्ट ऑफिसात आहे. 'भुरी नियंत्रण: उत्तम.' त्यात एक अक्षरही खोटं नाही.