पहिल्या धड्याचा उस्ताद

घरचे लोक पाठीमागे उस्तादांना ‘पहिला धडा’ म्हणत, आणि त्यात कुणालाच अन्याय वाटत नसे. या माणसाने उभा जन्म नुसता श्रीगणेशा करण्यात घालवला होता. मडकं चाकावर उभं राहीना, माती सोडली. बाटिक करताना मेणाखालून कापडावर रंग फुटला, मेण सोडलं. मात्र प्रत्येक कलेचा पहिला धडा ते अशा थाटात शिकवत, की उरलेले सगळे यांच्या खिशातच आहेत असं वाटावं. खिसा रिकामा होता.

सध्या लिनोचे, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीवर कोरायचे ठसे चालू होते. मेहुण्याच्या गाद्यांच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी कार्यशाळा भरे. लिनोचा तुकडा कोरा, रोलरने काळी शाई फिरवा, कागद दाबा, झालं. एकदा आलेला माणूस सहसा पुन्हा येत नसे, त्यामुळे दुसऱ्या धड्याची वेळच येत नसे.

शेवटी मेहुण्याने तोंड उघडलं.

“भाऊजी, गाद्या मला रस्त्यावर मांडाव्या लागतायत. या रविवारी दुकानाच्या काचेत लावण्यासारखं काही रंगीत निघालं तर खोली तुमची. नाहीतर गाद्यांची.”

“रंगीत? अरे, डाव्या हातचा मळ!”

बाहेर हसले, पण आतून हादरले. अख्ख्या जगात त्यांना ‘सर’ म्हणणारी तेवढी एकच खोली होती.

एकाच तुकड्यातून अनेक रंग काढण्याची रीत त्यांनी कुठेतरी पाहिली होती, तीही चहाचा कप हातात घेऊन. पांढरं ठेवायचं तेवढं कोरायचं आणि सगळ्या कागदांवर पिवळा छापून घ्यायचा. मग जे पिवळं राहायला हवं तेही कोरून टाकायचं आणि त्याच कागदांवर तांबडा छापायचा. शेवटी तसाच काळा. कोरलेलं परत येत नाही, म्हणून छापल्याशिवाय पुढचं कोरायचं नाही. एवढीच तर सगळी मेख.

रविवारी उस्तादांनी नेमकी तीच सुधारली.

“आधी सगळं कोरून मोकळे व्हा,” ते टाळी वाजवून म्हणाले. “रंगांचा पसारा मग एकदाच!”

शिकायला आलेल्यांनी माना डोलावल्या. दातांच्या डॉक्टरीणबाई कोंबडा करत होत्या. त्यांनी पिसं कोरली, तुरा कोरला, आणि कोंबड्याची फक्त बारीक रेघांची आकृती उरली. तिच्यावर पिवळा चढला, पिवळ्यावर तांबडा, तांबड्यावर काळा. तिन्ही रंग एकाच रेघेवर. कागद उचलला तेव्हा कोंबडा काळाकुट्ट होता.

“सर, माझा पिवळा कुठे गेला?”

“आत आहे,” उस्ताद डोळे मिटून म्हणाले. “जाणवतोय ना?”

दोघा-तिघांना लगेच जाणवायला लागला. असल्या लोकांना काहीही जाणवतं.

“मला नाही जाणवत,” बाई म्हणाल्या. “दात उपटून ठेवायचा आणि मग म्हणायचं, आता यात चांदी भरा. तसं केलंत तुम्ही.”

“अपघातातच कला जन्मते, बाई.”

“अपघात तुमचा, आणि कोंबडा माझा मेला!”

एवढ्यात मेहुणा काचेसाठी चित्रं न्यायला आला. टेबलावर काळा मासा, काळं फूल, काळा कोंबडा. त्याने एकेक कागद उलटूनसुद्धा पाहिला, मागे तरी रंग असेल म्हणून.

“भाऊजी, दुकानात दुखवटा आहे का?”

“तुला दृष्टी नाही रे.”

“नसेल. गाद्या मात्र दिसतात मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हमाल आले. उस्तादही आले, दाढी करून, धुतलेला सदरा घालून. कुणीही बोलावलं नव्हतं. रोलर आणि शाईचे डबे बायकोने आधीच पिशवीत भरून नेले होते, एका अक्षरानेही चौकशी न करता. तिला सवय होती. माती अशीच घरी आली होती, मेणही असंच.

उस्ताद दारातच उभे राहिले. रचल्या जाणाऱ्या गाद्यांकडे बघता बघता त्यांचा चेहरा उजळला.

“काय रे, गाद्यांच्या खोळींवर ठसे मारले तर? मी पहिला धडा अगदी सोपा—”

“भाऊजी,” मेहुणा म्हणाला, “दारातून बाजूला व्हा. गादी आत यायचीय.”