आजोबांची ओंजळ

जूनच्या उकाड्यात बाबा कोट-टाय घालून म्युझियमच्या दारात उभे. मी म्हटलं, "बाबा, शिजाल त्यात." तर म्हणाले, "हा कोट फुकट नाही मिळाला." नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा विदर्भातून पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. अमेरिकेच्या दक्षिणेत जाऊन गुलामगिरीचं, काळ्या लोकांच्या लढ्याचं म्युझियम बघायचं, हा हट्ट त्यांचाच. म्हणून मी, ते आणि माझी लेक ड्राइव्ह करून तिथवर गेलो होतो.

लेक इथंच जन्मलेली. मराठी कळायचं, उत्तर इंग्रजीत. आपण कोण, गावात आपल्याला पाणी कसं मिळायचं, हे तिला अजून सांगितलं नव्हतं. मोठी झाल्यावर सांगू, आणि मीच सांगेन, असं बाबांनी बजावलं होतं. आधी तिला आजोबा ताठ उभे असलेले बघू दे, म्हणायचे.

आत काचेमागं लहान मुलांच्या मनगटाच्या बेड्या होत्या. माझं डोकं फिरलं. पण भांडायचं कुणाशी, काचेशी? लेकीचा हात घट्ट धरला, तर तीच ओरडली, दुखतंय म्हणून. पुढं भिंतीवर दोन नळ, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. बाबा तिथं थांबले. मग हळूच म्हणाले, "यांना नळ तरी होता."

ते घामानं निथळत होते. तिथल्या गाईड बाई, काळ्या, वयानं बाबांएवढ्याच, त्यांनी ते पाहिलं. प्रेमानं त्यांना बाहेरच्या पाण्याच्या नळाशी नेलं आणि स्वतः बटण दाबून धरलं. पाणी खालून वर उसळणारं, तोंड लावून प्यायचं.

बाबा कमरेत वाकले. दोन्ही हात जोडून ओंजळ केली, ती हनुवटीखाली धरली, नजर जमिनीवर, आणि थांबले. वरून कुणीतरी पाणी ओतेल म्हणून. दुसऱ्याच्या हातचं पाणी म्हटल्यावर अंगच आपोआप वाकलं त्यांचं. धार कोटाच्या बाहीवर पडत राहिली. बाई म्हणाल्या, "तोंड लावा ना, सर." बाबा दचकून सरळ झाले आणि "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले.

"व्हाय डझ आजोबा ड्रिंक लाइक दॅट?" लेकीनं विचारलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली. मला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्हींचा काडीचा उपयोग नव्हता. "नंतर सांगते," म्हटलं.

संध्याकाळी मोटेलवर बाबा ओल्या बाहीचा कोट खुर्चीवर वाळत घालत होते. बाथरूमचं दार उघडंच होतं. लेकीनं बेसिनचा नळ सोडला, वाकली, ओंजळ हनुवटीखाली धरली, अगदी तशीच, नजरसुद्धा खाली. हसत म्हणाली, "लुक, लाइक आजोबा."

बाबा आत गेले. तिथला कागदात गुंडाळलेला ग्लास मोकळा केला, भरला आणि तिच्यापुढं धरला.

"नो आजोबा," ती म्हणाली, "धिस इज मोअर फन." आणि पुन्हा वाकली.

बाबा भरलेला ग्लास धरून तिच्याशेजारी उभे राहिले. मी दारात.