प्लॅटफॉर्मवरचे सगळ्यात लहान मामा

क्रेनवाल्या मामांचं वय सत्तावन्न, आणि भर समुद्रातल्या त्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ते आपल्या पाळीतले सगळ्यात लहान. हसायचं की रडायचं ते तुम्हीच ठरवा. घरदार सोडून पंधरा-पंधरा दिवस वारा खायला नवी पोरं तयार नव्हती. त्यामुळे जुनीच मंडळी हेलिकॉप्टरमधून कंबर धरून उतरायची. जेवणाच्या टेबलावर रक्तदाबाच्या गोळ्यांच्या गप्पा रंगायच्या, गुडघ्यांबद्दल मात्र अवाक्षर नाही. गुडघा गेल्याचं डॉक्टरला कळलं, की माणूस कायमचा किनाऱ्यावर.

दोघांच्या खोलीत लहानाने वरच्या बर्थवर झोपायचं, अशी तिथली रीत. मामांचा सोबती वेल्डर साठीला टेकलेला. तेव्हा मामा रोज शिडी चढायचे आणि वर, "इथे हवा छान लागते," असंही म्हणायचे. उजवा गुडघा आतून शिव्या घालायचा.

मग कळलं, क्रेनवर शिकाऊ येतोय, वेल्डरच्या जागी मामांच्याच खोलीत राहील. मामांनी आदल्या दिवशीच आपली उशी खालच्या बर्थवर आणून ठेवली. हेलिकॉप्टरमधून उतरली ती पंचविशीतली मुलगी. तिला वेगळी खोली मिळाली, वेल्डर आपल्या जागी परतला आणि उशी निमूटपणे वर गेली.

मुलगी हुशार निघाली, हे मामांचं दुसरं दुखणं. ती एकटी क्रेन चालवेल असं त्यांनी सांगितलं, की त्यांना तिथे ठेवायला कारणच उरत नव्हतं. म्हणून सुपरवायझरने विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून कच्ची आहे." तिने बोटीवरची अवजड टाकी अलगद उचलून डेकवर टेकवली, तरी मामा म्हणायचे, "जरा हात हलला." हात हलला नव्हता. मामांनीच तर तो तयार केला होता.

एका सकाळी क्रेनच्या शिडीवर, अर्ध्या वाटेत, मामांचा गुडघा अडकला. ना वर, ना खाली. डेकवर माणसं उभी. मागून चढणाऱ्या मुलीने त्यांच्या मांडीखाली खांदा लावला आणि हळूच म्हणाली, "सावकाश, मामा. हात वर करून काहीतरी दाखवा, म्हणजे लोकांना वाटेल मला शिकवताय."

मामांनी वरच्या दोराकडे बोट दाखवलं. एकेक पायरी करत दोघं वर पोचले.

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"काय सांगायचंय?" म्हणत तिने त्यांना बसायला जागा करून दिली. मामांना फार लाज वाटली. गुडघ्याची थोडी, पण त्या 'कच्ची'ची जास्त.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सुपरवायझरने नेहमीचा प्रश्न टाकला, "काय मामा, एकटीला जमेल का?" वेल्डर तर मामांच्या आधीच त्यांची नक्कल करायला सरसावला होता.

"तिला कधीपासून जमतंय," मामा म्हणाले. "मलाच जमत नाही. आज तिने खांदा दिला म्हणून वर गेलो." मग ते टेबलाच्या टोकाला बसलेल्या डॉक्टरकडे वळले. "जेवण झालं की गुडघा बघा माझा."

डॉक्टरने चष्मा वर करून टेबलाभोवती सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी आपापले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.