मंजुळाबाईंनी पाजलेला कच्चा पुएर

नांदूरघाटच्या फाट्यावर मंजुळाबाईंचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक शेगडी आणि दोन बाकडी. तिथं चहा चांगला मिळतो, पण बोलणीही खावी लागतात. जास्त साखर मागणाऱ्याला त्या तोंडावर सांगतात, "मग साखरच खा की. चहा कावून मागतो?"

हॉटेल टाकायच्या आधी चौदा वर्षं त्या नवऱ्याबरोबर, त्रिंबकबरोबर, ऊसतोडीला जात. पहाटे टोळीतल्या बावीस माणसांचा चहा त्याच करायच्या. कोरा, गुळाचा. पत्ती पातेल्यात जास्त वेळ राहिली की शेवटच्या माणसाचं तोंड वाकडं व्हायचं आणि शिव्या मंजुळाबाईंना बसायच्या. चहा कधी गाळायचा हे त्या अशा शिकल्या. पुढं त्रिंबकची कंबर गेली, कोयता सुटला आणि फाट्यावर शेगडी पेटली.

आमच्याकडचे मोठे बागायतदार विजयसिंहराव गेल्या वर्षी ऊस बघायला चीनमधल्या युनानला गेले. आठ दिवसांत उसाचं काय पाहिलं हे त्यांना आजही सांगता येत नाही. येताना मात्र चहाची एक ढेप घेऊन आले. गोवरीएवढी, आणि खरं सांगायचं तर गोवरीसारखीच दिसणारी. तिचं नाव कच्चा पुएर, म्हणजे न आंबवता दाबलेला तिकडचा चहा. आठवडाभर त्यांनी गावाला त्या नावाचा उच्चार शिकवला. प्रत्येक वेळी वेगळा.

मग एका रविवारी सकाळी बंगल्यावर आम्हाला 'टेस्टिंग'चं आमंत्रण आलं. आम्ही म्हणजे डॉक्टर, दोन ठेकेदार, सोसायटीचे चेअरमन भागवतराव आणि मी, शाळेचा मुख्याध्यापक. पाणी सतत गरम लागणार म्हणून मंजुळाबाईंना बोलावलं होतं. "तू फक्त पाणी तापव, बाकी कशाला हात लावू नको," विजयसिंहरावांनी बजावलं.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं ढेप फोडली. मूठभर पत्ती काचेच्या किटलीत कोंबली, वरून उकळतं पाणी ओतलं आणि आम्हाला भाषण दिलं. हा चहा चाळीस वर्षं जुना आहे, तिकडं राजेलोक हाच पितात, सामान्य माणसाच्या जिभेला तो कळत नाही. भाषण पंधरा मिनिटं चाललं. तोवर पत्ती पाण्यातच होती.

त्यांची सून तेजश्री, परभणीला शेतीचं शिकलेली, वेष्टनाच्या कागदावरचं इंग्रजी वाचत होती. ती हळूच म्हणाली, "मामंजी, यावर दोन हजार बावीस लिहिलंय."

"तो छपाईचा नंबर आहे," विजयसिंहराव म्हणाले.

चिमुकल्या वाट्या फिरल्या. मी घोट घेतला. कडुलिंबाचा पाला कुटून पाजल्यासारखं झालं, जीभ टाळूला चिकटली. डॉक्टर डोळे मिटून "वा" म्हणाले. भागवतरावांना त्यात जंगलाचा वास आला; जन्मात त्यांनी बाभळीपेक्षा मोठं झाड पाहिलेलं नाही. आणि मी? मीही "अप्रतिम" म्हणालो. शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे विजयसिंहराव देणार होते. कारण असं होतं. त्यानं लाचारीची चव काही बदलत नाही.

उरलेली एक वाटी मंजुळाबाईंनी उचलली, चाखली आणि खिडकीबाहेर थुंकल्या.

"कळणार नाही तुला ते," विजयसिंहराव हसून म्हणाले. आम्हीही हसलो.

"चहा वाईट न्हाई, मालक," त्या म्हणाल्या. "पाला लई जातिवंत हाय. तुमी मारलाय त्याला."

तेजश्रीनं उठून स्वच्छ किटली त्यांच्यापुढं ठेवली. "करा मावशी. कागदावरही थोडाच वेळ ठेवायला सांगितलंय."

मंजुळाबाईंनी चिमूटभर पत्ती घेतली, बोटांनी मोकळी केली, हुंगली. पहिलं पाणी घालून, पाला धुतल्यासारखं, लगेच फेकून दिलं. दुसरं घातलं, ओठांत दहा मोजले आणि सगळा चहा वाट्यांत ओतला, किटलीत थेंब ठेवला नाही. रंग वाळल्या गवतासारखा फिका.

आम्ही प्यालो. आधी जिभेच्या कडेला जरासा कडवटपणा आला, तो गेला, आणि मग घशातून गोडवा वर आला. आवळा खाऊन पाणी प्यावं तसा. कुणी "वा" म्हटलं नाही. भागवतरावांनी मुकाट्यानं वाटी पुढं केली. त्याच पत्तीवर मंजुळाबाईंनी आठ वेळा पाणी घातलं. दर वेळी चव थोडी बदलत गेली.

"मी हेच तर सांगत होतो," विजयसिंहराव म्हणाले.

आणि आम्ही माना डोलावल्या. पाच शिकलेली माणसं, एकाच्याही मानेत हाड नव्हतं.

निघताना विजयसिंहरावांनी मंजुळाबाईंना फर्मावलं, "पाहुणे आले की निरोप पाठवीन. येत जा."

"हॉटेल हाय माझं. तिथं येतेत लोकं," त्या म्हणाल्या आणि चपला घालून चालू लागल्या. निरोप तीनदा गेला. त्या एकदाही गेल्या नाहीत. विजयसिंहराव आता सांगतात की बाईला हे सगळं त्यांनीच शिकवलं.

तेजश्री मात्र ढेपेचा तुकडा घेऊन दुपारच्या निवांत वेळी फाट्यावर जाते. हा चहा विकत घेऊन पिऊ म्हणणाऱ्यांना मंजुळाबाई हाकलून देतात. एकदा बाटलीच्या पाण्यानं चहा केला, तर त्यांनी तोंड वाकडं केलं. "मेलेलं पाणी हाय हे." बोअरचं पाणी जड पडलं. मग त्रिंबक लंगडत जाऊन भावाच्या विहिरीतून कळशी घेऊन आला. त्या पाण्यात पाला नीट उलगडला, आणि तिघं बाकड्यावर बसून एका पत्तीवर तासभर चहा पीत राहिली.

बंगल्यावर चहासाठी अजून बाटलीबंद पाण्याचेच खोके येतात.