प्रभूकाका लक मानत नसत

‘लक’ हा शब्द प्रभूकाकांसमोर काढायची सोय नव्हती. डोंबिवलीहून घोडबंदर रोडच्या टोकाला असलेल्या आमच्या ऑफिसला जाणारी बस ते चालवत. नाव योहान, पण येता-जाता “प्रभूची इच्छा” म्हणत, म्हणून आमच्यासाठी ते प्रभूकाका. रस्ता मोकळा मिळाला आणि कोणी “आज लक आहे” म्हटलं, की आरशातून बघत म्हणायचे, “लक वगैरे काही नसतं, मॅडम. सगळं त्याच्या हातात.”

“मग काल ट्रॅफिकमध्ये अडकलो ते?” माझी मैत्रीण संध्या मुद्दाम विचारायची.

“तेही त्याच्याच हातात.”

एका सकाळी गायमुखच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. काका पेडल दाबत होते आणि बस वेग घेत होती. पुढे मुलांनी भरलेली शाळेची व्हॅन. “खाली वाका, सीट धरा,” एवढंच म्हणाले. गिअर खरखरला आणि त्यांनी बस डावीकडे, रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात घातली.

आम्ही सगळे वाचलो. ढिगामागे सावलीला पाणी प्यायला बसलेला एक कामगार मात्र गेला. खाडीकाठच्या गावातला, तिशीतला. तो तिथे आहे हे कोणालाच दिसलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये संध्यानं काकांचा हात धरला. “तुमच्या प्रभूनंच वाचवलं हो आपल्याला.” काकांनी हात सोडवून घेतला.

चौकशीत दोष गाडीचा निघाला, काका सुटले. मग त्यांचा मला फोन आला. “त्या कामगाराच्या घरी जायचंय. एकट्याचे पाय उचलत नाहीत.”

आम्ही गेलो तेव्हा गल्लीतली माणसं बोलायची थांबली. दोघं-तिघं आमच्या मागे येऊन उभे राहिले. त्याची आई उंबऱ्यातच बसली होती. काकांच्या गळ्यातल्या क्रॉसकडे बघून ती म्हणाली, “तुजे देवानं तुमाला वाचवला. मंग माजे पोराला कोनी मारला?”

मागचा एक जण पुढे सरकला.

“स्टिअरिंग माझ्या हातात होतं, आई,” काका म्हणाले. “ते मीच वळवलं. हा योगायोग होता असं मला म्हणता येत नाही. आणि देवाची इच्छा होती असं तुमच्या दारात माझ्या तोंडून निघणार नाही.”

मग तिनं त्या माणसाला हातानं मागे व्हायला सांगितलं, आणि दार लावून घेतलं.

काकांनी पुन्हा गाडी चालवली नाही. परवा ठाकुर्लीला भेटले, खूप वाळलेत. दर रविवारी चर्चहून थेट त्या आईकडे जातात. आधी बाहेरच बसायचे, हल्ली ती आत घेते.

“अजून तसंच मानता, काका? सगळं त्याच्या हातात?”

“मानतो. म्हणून तर झोप लागत नाही. योगायोग मानला असता तर एव्हाना विसरलो असतो.” मग म्हणाले, “गेल्या रविवारी तिनं विचारलं, तुजा देव बोलला का काय? म्हटलं, अजून नाही. तर म्हणाली, माजा पन नाय. आणि चहा टाकायला उठली.”