धरण पुरं होऊ नये म्हणून

भाटघरचं धरण लवकर पुरं व्हावं म्हणून साऱ्या मुलखाने कंबर कसली होती, आणि ते पुरं होऊच नये म्हणून एकट्या आमच्या खाणावळवाल्या मावशींनी. मी तिथे गोदामाचा कारकून होतो आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडेच जेवत होतो, म्हणून हे खात्रीने सांगतो.

धरणाच्या पायथ्याशी झोपड्यांचं एक गावच वसलं होतं. पाथरवट, गवंडी, त्यांच्यामागे वाणी, न्हावी, चांभार. सगळ्यांच्या चुली त्या एका भिंतीच्या जिवावर पेटत. हे मावशींइतकं लख्ख कुणालाच कळलं नव्हतं. नवरा गेल्यावर पासली गावच्या सासरघरी त्यांना कुणी विचारत नव्हतं. इथे धरणाचा साहेबसुद्धा अदबीने मावशी म्हणे. भिंत चढली की त्यांचा चेहरा उतरायचा. चुना मळायची घाणी मोडली की त्या गूळ वाटायच्या. न्हाव्याला दटावायच्या, "हसतूस काय मुडद्या? भिंत पुरी झाल्याव कुनाची हजामत करशील, दगडांची?"

बोलून भागेना, तेव्हा त्यांनी दुपारचं जेवण हाताशी धरलं. भाकरी बंद केली आणि ढीगभर भात, वर घट्ट ताक असं वाढू लागल्या. गवंडी हात धुवायचे आणि तिथेच आडवे व्हायचे. गवंड्यांचा मुकादम तावातावाने आला. "मावशी, माजी मानसं पेंगत्यात!"

"आदी जेवा, मग भांडू," म्हणत मावशींनी पान मांडलं. थोड्या वेळाने मुकादम खांबाला टेकून घोरत होता आणि मावशी पदराने त्याच्यावरच्या माश्या वारत होत्या.

तरी भिंत पुरी झालीच. झोपड्या मोडल्या, गाड्या भरल्या. पुढच्या कामावर चला म्हणून त्याच मुकादमाने त्यांना फार विनवलं. मावशी म्हणाल्या, "तितलीबी भिंत कवातरी पुरी हुनारच की, बाबा. पुन्यांदा न्हाई सोसायचं."

गोदाम मोकळं करायचं असल्याने मी सर्वांत शेवटी निघणार होतो. मावशी दुसऱ्या दिवशी पासलीला परतणार होत्या. त्या संध्याकाळी ओसाड तळावर जेवायला आम्ही दोघंच. आमटी तोंडात धरवेना, इतकी खारट.

"मीट जास्ती झालं व्हय?"

"नाही मावशी, बरोबर आहे."

त्यांनी बोट बुडवून चाखली. मग हळूच म्हणाल्या, "दोगांपुरतं कसं करत्यात, त्येच इसरले बगा."

मी आमटी पुन्हा मागितली.