नोटरी बसला होता

अर्जलेखनाचा धडा आला की दरवर्षी मी फळ्यावर एक अर्ज लिहायचो, सहीची जागा मोकळी ठेवायचो आणि वर्गाला विचारायचो, "ह्याचं काय होणार?" पोरं एका सुरात म्हणायची, "केराची टोपली."

एका वर्षी वर्गातल्या एका मुलीनं ते मनावर घेतलं. शाळेची पाण्याची टाकी धुवावी म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचा होता. बाकीच्या म्हणाल्या, "सर्व विद्यार्थिनी" एवढंच लिहू. हिनं खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. टाकी धुतली गेली. स्टाफरूममध्ये मी आठवडाभर मिरवलो.

पुढं ती शिष्यवृत्तीवर परदेशात शिकायला गेली. तिथल्या विद्यापीठाचा पैसा बॉम्ब बनवणाऱ्या कंपनीत गुंतवलेला होता आणि ते बॉम्ब तिसऱ्याच देशातल्या वस्त्यांवर पडत होते. मुलं आवारात धरणं धरून बसली, तोंडं झाकून. निवेदनाखाली फक्त "आम्ही विद्यार्थी". त्याखाली एकटं हिचं नाव.

"सर, निनावी दिलं असतं तर तुम्हीच बोलला असता," ती फोनवर म्हणाली.

"शाबास," मी म्हणालो. म्हणायला काय जात होतं.

थोड्याच दिवसांत तिला निलंबित केलं, व्हिसा रद्द करायची नोटीस आली. चौकशीपुढं ठेवायला तिच्या वकिलाला गावाकडच्या एखाद्या जबाबदार माणसाचं पत्र हवं होतं, नोटरीसमोर सही केलेलं. तिनं मला सांगितलं. पत्र मी एका बैठकीत लिहिलं. चांगलं उतरलं होतं.

पण त्याच महिन्यात माझ्या मुलाचे कागद त्याच देशाच्या व्हिसासाठी गेले होते. बायको भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "दोन्ही कागदांवर आडनाव आपलंच दिसंल."

मी एसटीनं बारामतीला गेलो. कोर्टाबाहेर नोटरी बसला होता. टेबलावर शिक्के, शाईचं पॅड, रजिस्टर. पुढं दोनच माणसं. ती गेल्यावर त्यानं विचारलं, "गुरुजी, काय काम होतं?"

"कुणाची तरी वाट बघतोय."

दुपारपर्यंत बाकावर बसलो आणि परत फिरलो. गावी लासुर्ण्याला उतरलो तर तिचे वडील स्टँडवर उभे. कारखान्यातली पहिली पाळी करून तसेच आलेले.

"झालं का सर?"

"नोटरी बसलाच नाही आज."

"मग उद्या जाऊ. मी गाडी काढतो की."

"उद्या शाळा आहे. सोमवारी बघू."

पत्र शुक्रवारच्या आत पोचायला हवं होतं. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. "तुमी हाय म्हणून बरं हाय सर," ते म्हणाले आणि मला चहा पाजला. तो चहा मी पूर्ण प्यायलो.

ती परत आली, पदवी अर्धी टाकून. माझ्या मुलाला व्हिसा मिळाला. एका पत्रानं तिचं काही वाचलं असतं का, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता तो प्रश्न राहिला नाही, ती नुसती सवय झालीय. पत्र कपाटात आहे. खाली जागा मोकळी.

ती आता गावातच शिकवण्या घेते. गेल्या महिन्यात वस्तीच्या रस्त्याचा अर्ज इंदापूरला तहसीलदारांकडे द्यायचा म्हणून सह्या घेत फिरत होती. शेजाऱ्याची घेतली. मी पेन घेऊन फाटकाशी उभाच होतो.

"सर, तुमची राहू द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिकडं पोराला उगं त्रास नको."

तिला कुणी सांगितलं कोण जाणे. "नोटरी बसला होता," एवढंच बोलायचं होतं. तोवर ती पुढच्या दारात गेली, आणि त्या घरातली म्हातारी म्हणाली, "ये बाय, कुठं अंगठा लावू, दाव."

तिला बोललो नाही ते इथं लिहिलंय. वाचून बघितलं तर ह्यातही कुणाचं नाव नाही. माझंही.